जमदग्नी म्हातारा झाला

मंगळवार, रात्री

आज टाकीतलं पाणी आणखी दोन बोटं उतरवलं. आता जेमतेम चार इंच राहिलंय. आल्यागेल्याला वाटतं टाकी गळतेय. गळत नाहीये. जमदग्नीला, आमच्या फायटर माशाला, वर जाणं जमेना, म्हणून वरच खाली आणलंय.

फायटर माशाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घ्यायला त्याला आणखी एक अवयव असतो, त्यामुळे पाण्याच्या वर तोंड काढून हवेचा घोट घ्यावाच लागतो. पूर्वी ते कधी व्हायचं ते कळायचंही नाही. आता तळाशी कुशीवर पडून असतो, मग एकदम सगळं बळ एकवटून तिरपा वर येतो, घोट घेतो आणि हेलकावे खात खाली जातो. काल मी त्या खेपा मोजत बसले होते. दोन खेपांमधलं अंतर वाढलं की माझाच श्वास अडकायचा. शेवटी उठून भांडी लावली.

२०२१ च्या दिवाळीत क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला. मुठीएवढ्या डब्यात होता आणि शेजारच्या डब्यातल्याला बघून कल्ले फुलवून थयथयाट चाललेला. बाबांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. फायटर साधारण ३-४ वर्षं जगतो, आणि दुकानात येतो तेव्हाच तो काही महिन्यांचा असतो. हिशेब सोपा होता, मी तो केला नव्हता एवढंच.

गुरुवार

एका डोळ्यावर पांढुरकं आलंय. दाणा टाकला की तो शोधतो तिसरीकडेच. म्हणून चिमट्याने दाणा चांगल्या डोळ्यासमोर धरते. सकाळी दोनदा थुंकला, तिसऱ्यांदा गिळला. राहिलेलं ड्रॉपरने लगेच काढते, कारण फिल्टर बंद आहे. त्याच्या धारेत हा पालापाचोळ्यासारखा ढकलला जायचा. फिल्टर नाही म्हणजे घाण साचून अमोनिया वाढणार, म्हणून रोज थोडं पाणी बदलायचं. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरायचं, त्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे, आणि सकाळी टाकीत घालताना दोन्हीचं तापमान सारखं आहे ना ते बघायचं.

डोंबिवलीत सध्या पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो, त्यामुळे हीटर हवाच. पण पाणी उतरवल्यावर उभ्या हीटरचं डोकं बाहेर आलं. चालू हीटर असा अर्धा उघडा राहिला तर काच तडकते. आमचा पूर्ण बुडणारा आहे म्हणून बरं, तळालगत आडवा चिकटवला. जमदग्नी आता त्याच्याच शेजारी पडून असतो, शेकोटीजवळच्या म्हाताऱ्यासारखा.

सोसायटीच्या दारात देशी बदाम आहे. त्याची गळलेली वाळकी पानं धुऊन टाकीत टाकते. फायटर पाळणाऱ्यांचा हा जुना उपाय. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालंय. आई म्हणाली, "काढा पाजतेयस होय त्याला?" त्याला त्या पानाचा दुसराच उपयोग सापडलाय. पान तरंगत असेपर्यंत तो त्याच्या खोलगट भागात अंग टाकतो. तिथून श्वास बोटभर अंतरावर.

शनिवार

दुकानदाराने निळं औषध सुचवलं. आणलं नाही. तो आजारी नाही, म्हातारा आहे, आणि या दोन गोष्टींत घोळ घालून आपण माणसांचेही हाल करतो.

कपाटात लवंगेच्या तेलाची बाटली आहे, बाबांच्या दाढेसाठी आणलेली. नीट प्रमाणात वापरलं तर त्याने मासा आधी गुंगतो आणि मग जातो. हे मी वाचून ठेवलंय आणि एक खूणही ठरवलीय. पोट फुगून खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले, तर मग ओढत न्यायचं नाही. रोज रात्री टॉर्च लावून वरून बघते. आजही खवले अंगाला चिकटलेले होते. बाटली मात्र मी टाकीच्या कपाटातून काढून पुन्हा औषधांच्या डब्यात ठेवली.

बाबांचं मत, एका माशाचे किती लाड. म्हणाले आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन टाकीसमोर बसले. पूर्वी त्याला आरसा दाखवला की हा पेटायचा. "बाबा, नका ना दमवू त्याला," मी म्हटलं. जमदग्नीने मान वळवल्यासारखं केलं, कल्ले जरासे उघडले, आणि मिटले. बाबांनी आरसा पालथा करून मांडीवर ठेवला. "ओळखलंन," एवढंच म्हणाले.

रविवार, पहाटे

रात्री दमून तशीच झोपले, बादली भरायची राहिली. चारला आठवलं म्हणून उठले. आधी टाकीत डोकावले. हीटरजवळ पडलेला, कल्ले हलतायत.

बादली काठोकाठ भरलेली होती. झाकणावर बाबांचा चष्मा. थेंब टाकलेत की नाहीत, ते विचारायला आता त्यांना उठवावं लागणार.