जुन्या पिकअपचा ठोका: इंजिन खोलण्याआधी

दहा-पंधरा वर्षांच्या बोलेरो पिकअपचं इंजिन ठोकायला लागलं, म्हणजे त्यातून ठकठक आवाज येऊ लागला, की पहिला सल्ला येतो, "हाफ इंजिन करून टाक," म्हणजे इंजिन खोलून रिंग-बेअरिंग बदल. यात गाडीमालकाचे बरेच पैसे जातात, आणि पुष्कळदा ठोका तसाच राहतो. कारण आवाज नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा) असतो आणि बदललेली असते बेअरिंग. इंजिन खोलण्याआधी करायच्या तपासण्या एका सकाळी आटोपतात. त्यांना मुख्यतः लागतं काय, तर १७ नंबरचा पाना, लांब स्क्रूड्रायव्हर आणि ऑइल प्रेशरचा काट्याचा गेज.

गाडी रात्रभर थंड झालेली असताना सुरू करा. पहिल्या दोन मिनिटांत कोणताही जुना डिझेल खडखडतो, त्याची काळजी नको. आवाज पोकळ असेल आणि इंजिन तापल्यावर कमी होत गेला, तर पिस्टन आणि लायनरमधला गॅप वाढलेला आहे. अशी गाडी ऑइल खात नसेल तर अजून बरेच दिवस चालते. उलट, इंजिन थंड असताना गप्प असलेली गाडी तापल्यावर ठोकू लागली तर थांबा. ऑइल पातळ झालं की बेअरिंगमधली फिल्म टिकत नाही, आणि तेव्हाच बेअरिंगची झीज बोलते.

पुढची तपासणी फुकटची आहे, तरी बहुतेक जण ती वगळतात. इंजिन बंद करून फॅनबेल्ट काढा आणि गाडी उभीच ठेवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवा. ठोका गेला तर तो अल्टरनेटरचा, वॉटर पंपाचा किंवा टेन्शनरचा. अनेक गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो, त्याच्या पात्या झिजल्या की हुबेहूब इंजिन ठोकल्यासारखा आवाज येतो. बेल्ट काढलेला असताना गाडी हलवू नका, ब्रेकला व्हॅक्यूम नसतो. क्रँक पुलीचा बोल्ट, इंजिनाची फाउंडेशन रबरं आणि चेसिसला टेकणारा सायलेन्सर पाइप हेही याच वेळी बघून घ्या.

मग एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही समोरून क्रँक पुलीकडे बघा. इंजिन बंदच ठेवा. क्लच दाबताना पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली, तर थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) गेले आहेत. चांगल्या इंजिनात हा खेळ साधारण ०.१ ते ०.३ मिमीचा असतो, तो नुसत्या डोळ्याला जाणवत नाही. मिलिमीटरभर सरकणारा क्रँक ब्लॉकच खाऊ लागतो, त्यामुळे ही गाडी पुढे चालवायची नाही.

आता खरी परीक्षा, एकेक सिलिंडर मारून, म्हणजे त्याचं डिझेल तोडून बघण्याची. जुन्या डिझेल पंपाच्या इंजिनात आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) एका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा. वरून कापड धरा, बोट नको. डिझेल बाहेर पडू लागलं की तो सिलिंडर मेला. नट आवळून पुढच्यावर जा. कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) मात्र पाइपाला हात लावायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि नंतर स्कॅनरने एरर पुसायची.

एखादा सिलिंडर मारल्यावर ठोका पूर्ण गेला, आणि तो टणक, कडक होता, तर आधी नोझलवर संशय घ्या. पंपाच्या इंजिनात ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा. आवाज नोझलबरोबर गेला तर प्रश्न संपला. नोझल टेस्ट बेंचवर द्या. बसवताना खालचा जुना तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च मारून बघा. त्याच्यावर नवा पडला की नोझल वॉशरच्या जाडीएवढं वर उचलतं, डिझेल पिस्टनच्या खळग्यात न पडता काठावर पडतं, आणि नव्या नोझलनेही गाडी ठोकते. चारही सिलिंडरवर सारखा कडक आवाज असेल आणि अलीकडे पंप उतरवला असेल, तर पंपाचं टायमिंग पुढे गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

आवाज जागेवरच राहिला, मारल्यावर नुसता मऊ झाला, आणि १५०० ते २००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर सोडताक्षणी खणखणला, तर ती कनेक्टिंग बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकमधली). एका ठोक्याऐवजी जवळजवळचे दोन टकटक आले तर गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) किंवा तिचा बुश. लोड घेऊन करूळ घाट चढताना पायाखालच्या पत्र्यात जाणवणारा जाड धप्प आवाज मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये जिच्यावर फिरतो तिचा) असतो, आणि एकच सिलिंडर मारून तो फारसा बदलत नाही. टॅपेटचा आवाज वरून, हेड कव्हरवरून येतो आणि क्रँकच्या निम्म्या गतीने वाजतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून हेड, ब्लॉक आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) अशा तीन ठिकाणी ऐकलं की हा फरक कळतो.

बेअरिंगचा संशय आला की डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नका. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. सेन्सर काढून त्या जागी गेज लावा. इंजिन पूर्ण तापल्यावर दर हजार आरपीएमला ०.७ किलो दाब, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. आयडलला अर्ध्या किलोच्या खाली गेला तर गाडी टोचन करून न्या.

ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये सोडा आणि ट्रे उन्हात तिरका करून बघा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. चुंबक फिरवा, त्याला चिकटला तो चुरा लोखंडाचा, म्हणजे क्रँक, रिंग किंवा गिअरचा. फिल्टर कापून त्याची घडी उलगडली की हाच पुरावा जास्त स्पष्ट दिसतो. हॅक्सॉने कापत असाल तर करवतीचा चुरा त्यात मिसळेल, म्हणून फिल्टर कटरच वापरा. ऑइलला डिझेलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल, तर बेअरिंगच्या आधी डिझेल कुठून उतरतंय ते शोधा, नाहीतर नवी बेअरिंगही जाईल.

आपल्याकडे, कोल्हापूर भागात, एक कारण वेगळं आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात गेलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना स्टार्टर मारला, की पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नंतर सुरू होते, ठोका महिन्यांनी येतो. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी आलं तर रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केटसोबत रॉडचाही विचार करा. हेड उतरल्यावर तो पिस्टन वरच्या टोकाला बाकीच्यांपेक्षा खाली राहतो का, ते डायल गेजने बघितलं की खात्री होते. जुनी गाडी घेताना कार्पेटखालचा गाळ बघा.

चेंबर उतरवलंच तर रॉड आणि कॅपवर (रॉडच्या खालच्या, बोल्टने आवळलेल्या भागावर) नंबर पाडल्याशिवाय एकही कॅप काढू नका. जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) नखाला लागणारी रेघ असेल किंवा मायक्रोमीटरने दोन दिशांना मापल्यावर ०.०५ मिमीचा फरक आला, तर नुसत्या नव्या बेअरिंगने भागत नाही. अंडाकृती जर्नलवर ऑइलची फिल्म एका बाजूला तुटते आणि काही हजार किलोमीटरांत तोच ठोका परत येतो. क्रँक काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडिंगला द्यायचा, ०.२५ किंवा ०.५० मिमी खालच्या साइजला, आणि बेअरिंग त्याच साइजची घ्यायची. गॅप कमी करायला कॅप घासायची तर अजिबात नाही. परत आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून तार आणि रॉकेल फिरवा, शेवटी हवा मारा. ग्राइंडिंगची भुकटी तिथेच बसलेली असते. ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासा, रॉडचे बोल्ट नवे घाला, टॉर्क पान्याने आवळा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, गेजचा काटा हलेपर्यंत. वायर त्यानंतरच जोडा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदला, आणि तोही फिल्टर कापून बघा.