कळलावी लावताना वाया गेलेला एक पावसाळा

कळलावी या रानवेलीचा कंद विकत घेताना किंवा कोणाकडून मागून आणताना त्याच्या टोकाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, शाबूत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि तो शाबूत नसेल तर कंद फुकट मिळाला तरी घेऊ नये, एवढी एकच गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर माझे एक अख्खे वर्ष वाचले असते. त्या वर्षाचा राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे या लिखाणात तो कुठे कुठे डोकावला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची संत्र्याची बाग आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात पावसाळ्याच्या दिवसांत रस्त्याकडेच्या झुडपांवर चढलेली कळलावी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, त्यांच्या कडा लाटेसारख्या मुरडलेल्या असतात आणि दुरून पाहिले तर हिरव्यागार झुडपावर कोणी लहानसा जाळ पेटवून ठेवल्यासारखे वाटते. अग्निशिखा हे नाव तिला उगाच मिळालेले नाही. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे आणि तिकडे बियांसाठी तिची रीतसर शेतीही होते, हे मला पुढे कळले. आमच्या डोंगरावर मात्र ती आपली आपण उगवते, फुलते, दिवाळीच्या सुमारास पिवळी पडून वाळते आणि जमिनीखालच्या कंदाच्या आधाराने पुढच्या मृगापर्यंत झोपून राहते.

रानातून कंद खणून आणण्याचा विचार मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून झाड, वेल किंवा कंद परवानगीवाचून उपटून आणणे हा गुन्हा आहे. शिवाय औषधासाठी अनेक वर्षे खणून नेल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही वेल विरळ झाली आहे. त्यामुळे रोप लागवडीचेच हवे, हे मी ठरवले आणि एका रोपवाटिकेला फोन केला. येथून माझ्या कथेला सुरुवात होते.

फेब्रुवारीत मी चार कंदांचे पैसे आगाऊ पाठवले. होळीच्या आत कंद घरी पोहोचतील असे मला सांगण्यात आले होते. होळी झाली, गुढीपाडवा झाला, तरी काही आले नाही. मार्चअखेरीची गडबड आहे, हे पहिले कारण मिळाले. एप्रिलमध्ये उन्हात पाठवले तर कंद सुकतील, हे दुसरे. आणि मे महिन्यात फोन उचलणारा मनुष्य बदलला असल्यामुळे मला सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून उन्हाचे कारण मी खरे मानले. वास्तविक कळलावीचा कंद डिसेंबरपासून मेपर्यंत निद्रिस्त असतो आणि त्याला इकडून तिकडे न्यायचे असेल तर तेच दिवस योग्य असतात. एकदा हवेत दमटपणा आला की जमीन असो वा खोका, कंद जागा होतो आणि त्याच्या टोकाला कोंब फुटतो. आणि हा कोंब इतका कडकडीत असतो की बोटाचा धक्का लागला तरी ताज्या काकडीसारखा तुटतो.

पाठवणाऱ्यांनी नेमका मृगाचा मुहूर्त साधला. खोका निघाला तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, म्हणून तो तालुक्याच्या ठिकाणी नऊ दिवस पडून राहिला, आणि तो आल्याचा निरोप मला मिळाला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. खोका एका बाजूने चेपलेला होता. आत ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार तुकडे होते. तुकडे असे मुद्दाम म्हणतो, कारण कळलावीचा पूर्ण कंद नांगराच्या फाळासारखा दुहेरी, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. माझ्या वाट्याला त्याचे एकेक हात मोडून पाठवले होते. प्रत्येकाच्या टोकाशी एक लहानसा पांढुरका व्रण होता आणि कागदाच्या घडीत काडेपेटीच्या काड्यांएवढे तीन-चार पांढरे कोंब वेगळे पडलेले होते.

ते कोंब मी झटकून टाकले. आज हे लिहितानाही मला स्वतःचीच लाज वाटते. ज्या माणसाने तीस वर्षे जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले, डोळा चुकीचा निघाला तर कलम वाया जाते हे कामावरच्या पोरांना शंभर वेळा बजावले, त्या माणसाला कंदाचा डोळा पाहण्याचे सुचू नये, यापरते दुर्दैव नाही. मी हळद, अद्रक आणि बटाटा यांच्या अंदाजाने चाललो होतो. त्या कंदांना अंगभर डोळे असतात, एक मोडला तर दुसरा फुटतो. कळलावीच्या एका हाताला टोकाशी एकच डोळा असतो. तो गेला की उरतो तो केवळ पिठूळ गोळा, ज्यातून काहीही उगवत नाही.

मी चारही तुकडे घरामागच्या सांदवाडीत लावले आणि वाट पाहू लागलो. जुलैचा पहिला पंधरवडा गेला. मी फोन केला. पाऊस चांगला होऊ द्या, असे उत्तर मिळाले. पाऊस चांगला झाला. मी पुन्हा फोन केला, तेव्हा पाऊस फार झाला असेल, असे ऐकावे लागले. त्यानंतर मातीचा फोटो मागवण्यात आला आणि तो पाहून तुमची माती काळी आहे, त्यात हे पीक येत नाही, असा निकाल देण्यात आला. पैसे घेताना माती कोणती आहे हे का विचारले नाही, असे मी विचारले तेव्हा पलीकडून फोन ठेवला गेला. श्रावण सुरू झाला तरी मी रोज सकाळी चहा घेण्याआधी त्या वाफ्याशी जाऊन वाकून पाहत असे. एकदा हिरवा कोंब दिसला म्हणून मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. तो केना नावाच्या तणाचा निघाला.

या सगळ्या काळात आमची आई आपले म्हणणे सोडत नव्हती. कळलावी घराच्या आवारात असली की घरात भांडणे लागतात, अशी समजूत तिच्या माहेरी होती. "काहून रे, भांडनाचं झाड घरात कायले आनतं?" असे तिने पहिल्याच दिवशी विचारले होते. मी तिला समजावले की नावातली कळ भांडणाची नसून बाळंतपणातली आहे. जुन्या काळी कळा याव्यात म्हणून सुइणी या कंदाचा लेप लावत असत, त्यावरून हे नाव पडले असावे. तिचे समाधान झाले नाही. पुढे भांडण लागलेच, मात्र ते घरात न लागता माझे आणि रोपवाटिकेचे फोनवर लागले, आणि आईने ते आपल्याच बाजूचा पुरावा म्हणून मोजले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी वाफा उकरला. दोन तुकडे कुजून त्यांचा चिकट लगदा झाला होता. उरलेले दोन मात्र अगदी टणक, तपकिरी, जसे लावले तसेच होते आणि त्यांच्या टोकाचा व्रण बुजून तेथे बूच बसवल्यासारखे दिसत होते. अडीच महिने ते जमिनीत जिवंत होते आणि तरीही उगवणे त्यांच्या हाती नव्हते. फोटो काढून मी रोपवाटिकेला पाठवले. माल आल्याबरोबर तपासून घ्यायचा असतो, एवढेच उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत, आणि पैशांपेक्षा अधिक जाचते ते हे की या वेलीच्या बाबतीत चुकीची दुरुस्ती पुढच्या महिन्यात होत नाही. संत्र्याचा हिवाळ्यातला आंबिया बहार हुकला तर पावसाळ्यातला मृग बहार तरी धरता येतो, हिचा जून हुकला की पुढचा जून.

मातीबद्दलचे त्यांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून फाटते. डोंगरावर कळलावी उतारावर, दगडगोट्यांत, पालापाचोळ्यात वाढते, जेथे पाणी येते आणि निघून जाते. सपाट काळ्या वाफ्यात तिला लावणे ही माझी चूक होती. दोन तुकडे कुजले ते त्यामुळेच.

त्या हिवाळ्यात मोर्शीकडच्या एका निवृत्त गुरुजींकडे लग्नाच्या निमित्ताने जाणे झाले. त्यांच्या कुंपणाला वाळलेली वेल लटकत होती आणि तिच्यावर फुटलेल्या बोंडांतून लालभडक बी दिसत होते. मी माझी हकिकत सांगताच ते हसले आणि फेब्रुवारीत या म्हणाले. फेब्रुवारीत त्यांनी माझ्यासमोर खुरपेही न वापरता हाताने माती बाजूला करत दोन पूर्ण कंद काढले, दोन्ही टोके माझ्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाले, "हे पाहून घ्या, मग बोला." ते कंद मी कोरड्या रेतीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आडवे ठेवून मांडीवर घेऊन एसटीने आणले. डब्यावर झाकण न लावता फडके बांधले होते.

मे महिन्याच्या शेवटी, रोहिणी लागल्यावर, मी ते लावले. या खेपेस गोठ्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत फूटभर उंच गादी केली आणि तिच्यात एक भाग आपली माती, एक भाग नदीची जाड रेती व बारीक मुरूम, आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळले. कंद आडवा ठेवावा आणि त्यावर चार बोटे माती यावी. उभा खोवू नये. पाऊस येईपर्यंत वर वाळलेल्या पानांचा थर घातला आणि पाणी अगदी बेताने दिले. मृगाच्या दोन सरी झाल्यानंतर बाराव्या दिवशी पहिला कोंब वर आला. त्यापुढचे सगळे विनासायास झाले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

आधाराचे मात्र सांगितले पाहिजे. कळलावी वेटोळे घालत चढत नाही. तिच्या प्रत्येक पानाचे टोक लांब होऊन वळते आणि जे बारीक सापडेल त्याला धरते. मी प्रथम बांबू रोवला होता, तो तिच्या पकडीत मावेना आणि वेल दोनदा घसरून खाली आली. शेवटी वावरातल्या तुराट्या आणून त्यांचा विरळ कुड उभा केला, तेव्हा आठवडाभरात ती पुरुषभर उंच गेली. ऑगस्टमध्ये फुले आली. कळी हिरवट असते, उमलताना पिवळी होते, मग कडेकडून लाल चढत जाते आणि शेवटी सगळे फूल लाल होते, त्यामुळे एकाच वेलीवर एका वेळी तीन-चार रंग दिसतात. फुलाची स्त्रीकेसराची दांडी बुडापासून काटकोनात बाजूला वळलेली असते, जेणेकरून स्वतःचे परागकण स्वतःवर पडू नयेत. बोंडे हवी असतील तर सकाळी एका फुलाचे पराग दुसऱ्या वेलीच्या फुलाला बोटाने लावावेत. मी पाच फुलांना लावले, तीन धरली. बियांपासूनही रोपे होतात, परंतु बी उगवायला महिनोनमहिने लागतात आणि फुलायला तीन-चार वर्षे, तेव्हा माझ्यासारख्या उतावळ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

ही वेल नखशिखांत विषारी आहे, कंद आणि बी सर्वाधिक. त्यात कोल्चिसिन असते. डॉक्टर ते गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर मोजून देतात, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते, म्हणून घरगुती उपचाराच्या नादाला कोणीही लागू नये. कंद रताळ्यासारखा दिसतो. माझा रेतीचा डबा मी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फडताळाखाली ठेवला होता, तो आईने रात्रीच उचलून गोठ्याच्या माळ्यावर नेला, आणि त्या बाबतीत तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. कंद हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि शेळ्यांच्या वाटेवर ही वेल लावू नये.

वेल पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. बागेला हिवाळ्यात ओलीत चालू असते, त्या पाण्याचा ओघळ गादीपर्यंत येता कामा नये. वेल पूर्ण वाळून गळून पडण्याआधी तिच्या बुडाशी एक खुंटी ठोकून ठेवावी, कारण जानेवारीपर्यंत जमिनीवर काहीच खूण राहत नाही आणि कोणीतरी तेथेच कुदळ मारतो. दरवर्षी जुना कंद आटून त्याच्या जागी नवा दुहेरी कंद तयार होतो, तेव्हा उगाच दरवर्षी उकरू नये. गर्दी झाली तरच फेब्रुवारीत काढावा.

अळीचे सांगायचे राहिलेच. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली एक अळी या वेलीवर हमखास येते. विष तिला बाधत नाही. ती सकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. मी दोन दिवस आळस केला तेव्हा एका वेलीचा शेंडा तिने खाऊन टाकला, आणि फुले वरच्याच भागात येत असल्यामुळे त्या वेलीला यंदा एकही फूल आले नाही.