बी.ए. इतिहास, मग एलएलबी : पैशाची जुळवाजुळव

एलएलबीचं नाव काढल्यावर काकी म्हणाली, "आणि तीन वर्षं? त्यापरीस बी.एड. कर की गं." आबांनी एवढंच विचारलं, "किती लागतील त्ये सांग."

फीला भिऊन एलएलबीच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अर्जच न भरणाऱ्या मुली आमच्या पन्हाळ्याकडच्या कळे गावाच्या भागात कितीतरी आहेत. जीव तुटतो. त्यांच्यासाठी हे लिहितेय. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. संस्था पातळीवरची सीट घेतलीत तर सवलत गेली! उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधार जोडलेलं बँक खातं हे सगळं सीईटीच्या निकालाआधी तयार ठेवा. या सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दरवर्षी भरावा लागतो.

खरा खर्च कोल्हापुरात राहण्याचा. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते. भाडं दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून निघतं. मेस लावली नाही. आई सकाळच्या एस.टी.नं डबा धाडते, तो रंकाळा स्टँडवर घेते. पुस्तकं सीनियर मुलींची वापरते, पण फौजदारीची नवीच घ्यावी लागली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, जुनी आयपीसी घेऊन काय करणार?

बाकीचा भार माझ्या बी.ए.नं उचललाय. हजेरी 70 टक्के लागते, त्यामुळे दिवसभराची नोकरी जमत नाही. पण इतिहास शिकताना मी मोडी ही जुनी मराठी लिपी शिकले होते. जमिनीच्या दाव्यांत जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं निघतात, बरीचशी मोडीत. ज्या वकीलसाहेबांकडे मी संध्याकाळी बसते, त्यांच्याकडचे असे कागद लिप्यंतराला माझ्याकडे येतात. पानाला पैसे मिळतात. घाईत लिहिलेलं अक्षर, उडालेली शाई, कधी एका नावावर तासभर जातो. पण पणजोबांनी जमीन विकली होती की नुसती गहाण ठेवली होती, हे त्या एका ओळीवर ठरतं. असं काम मला कुठल्याही नोकरीपेक्षा मोलाचं वाटतं. ऑगस्ट 2025 मध्ये इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या चुलत आजोबांना अपिलासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठावी लागायची. आता सिंधुदुर्ग, सोलापूरकडचे पक्षकारही आमच्या ऑफिसात कागदांची पिशवी घेऊन येतात.

"बी.ए. करून काय मिळालं?" असं विचारणाऱ्यांना मी ती पानं दाखवते.

वकिलीच्या सनदेचीही धास्ती घेऊ नका. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, नोंदणीची फी 750 रुपयांच्या वर घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. माझे साडेसातशे मोडीच्या चार पानांत निघतील.