वॉर्डात व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप) आणि पेन स्कोअर (दुखण्याचा आकडा) शिकताना – माझा अनुभव

मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करते. लॅबमध्ये आम्ही एकमेकींचाच बीपी घेऊन हात बसवला होता, पण ओपीडीत पेशंट जिना चढून आलेला असतो, नुकताच चहा घेतलेला असतो, शेजारी घरची माणसं बोलत असतात. म्हणून आमच्या सिस्टर आधी पाच मिनिटं निवांत बसवायला लावायच्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधला की कुणी बोलायचं नाही.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते श्वासाकडं. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्यानं नाही, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते, आणि नाडी झाली की मनगट न सोडता तसंच धरून छातीकडं बघत श्वास मोजायचे, पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पूर्ण एक मिनिट मोजा, अंदाजानं 20 लिहू नका प्लीज. मोठ्या माणसाचे 12 ते 20 नॉर्मल.

सर्जिकल वॉर्डात निपाणीकडच्या एक आज्जी होत्या, आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत राबलेल्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं. ताप नाही, बीपी 140/86, नाडी 104, श्वास 26 आणि तेही वरवरचे. दुखालंय काय आज्जी म्हटलं तर "काय न्हाई गं बाळ, सोसतंय." मला ते पटेना. पोटावर उशी धरायला दिली आणि जरा खोकून बघा म्हटलं, तर त्यांनी चादर मुठीत आवळली आणि खोकलाच अर्ध्यात थांबवला. झोपून दुखणं वेगळं आणि हलताना वेगळं, दोन्ही विचारायलाच पाहिजे. 0 ते 10 मधला नंबर (0 म्हणजे अजिबात दुखत नाही, 10 म्हणजे सगळ्यात जास्त) विचारला तर म्हणाल्या "बारा आणे"! मग चेहऱ्यांचं कार्ड (हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे, प्रत्येकाखाली आकडा) समोर धरलं, त्यांनी 8 च्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. हे कार्ड आमच्याकडं फार उपयोगी, पलीकडच्या बेडवर कन्नड बोलणारा पेशंट असतो त्यालाही तेच चालतं.

मग पुढचं विचारलं, नेमकं कुठं, कळ येते की ठणकतं की जळजळतं, कुठं पसरतं का, कशानं वाढतं. स्टाफ सिस्टरना सगळं सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना कळवलं, ऑर्डरप्रमाणं इंजेक्शन दिलं. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती असते, त्यामुळं 8 हा आकडा नुसता चार्टवर लिहून ठेवण्यासारखा नव्हताच. अर्ध्या तासानं परत बघितलं, चेहरा 4 चा, श्वास 20, आणि उशी धरून चांगलं खोकल्या. त्या वेळी गुंगी जास्त तर नाही ना तेही बघायचं, काही तीव्र पेनकिलरनी श्वास मंदावतो.

याच्या उलट अथणीचे एक काका, कंबरदुखी कित्येक वर्षांची. नाडी 76, बीपी 124/80, सगळं नॉर्मल, आणि दुखणं विचारलं तर 7. जुन्या दुखण्यात शरीराला सवय झालेली असते, व्हायटल्समध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. सोबतची एक मुलगी म्हणाली बघून तर तसं वाटत नाही, आपण 3 लिहूया काय. सिस्टरनी जागेवरच थांबवलं, पेशंट सांगतोय तोच आकडा. 7 लिहिला आणि राउंडला डॉक्टरांना तोच दाखवला.