आईचा नंबर नकाशावरून काढताना

आमचं गोव्यातल्या मांद्र्याचं घर हे घर आहे. होमस्टे नाही, गेस्ट हाऊस नाही. सीझनला खोल्या देण्याचा धंदा आम्ही कधी केला नाही. तरी गेल्या वर्षी एका बड्या कंपनीच्या नकाशावर ते 'होमस्टे' होऊन बसलं होतं. वर तुळशीवृंदावनाचा फोटो, खाली आईचा मोबाईल नंबर. कंपनीचं नाव घेत नाही. इतकंच सांगतो की तिचं काही ना काही तुमच्याही फोनमध्ये असेल.

आईने फाटकाला पाटी लावली आहे, 'सोलां (म्हणजे आमसुलं), नारळ मिळतील', आणि खाली तिचा नंबर. हरमलच्या वाटेवरचे पर्यटक स्कूटर थांबवून घराचे फोटो काढतात. जुनी कौलं, चिऱ्याचा गडगा, त्यांना अप्रूप. त्यातल्याच कुणीतरी ते 'ठिकाण' म्हणून नकाशात घातलं. फोटोत पाटी स्पष्ट वाचता येते, तोच नंबर 'संपर्क' म्हणून खाली आला. त्यानंतर जो कुणी तिथे दोन मिनिटं रेंगाळेल त्याच्या फोनला ही कंपनी आपणहून विचारणार, कसं वाटलं हे ठिकाण? लोक उत्तर देतात. एकाने तर तीन तारे देऊन लिहिलं होतं, 'घर सुंदर आहे, पण कुणी दार उघडलं नाही.'

मी म्हापशाला राहतो. डिसेंबरात आईचा फोन जवळजवळ रोज: "परत रूम इचारता रे कोण तरी." रात्री साडेअकराला दिल्लीहून एसी आहे का, दोन रात्रींचे किती, अशी चौकशी. ती बिचारी आधी प्रत्येकाला समजावून सांगायची. मग रात्री फोन बंद ठेवायला लागली आणि आमच्या काळजीत नवी भर पडली.

ज्यांना हा नुसता त्रासाचा मामला वाटतो त्यांच्यासाठी: गोव्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा ठेवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. म्हणजे नकाशावर आमची आई बिनपरवाना होमस्टे चालवत होती. विचारणारं कुणी दारात आलं असतं तर, 'हे आम्ही नाही हो लिहिलं' यावर कितीजणांनी विश्वास ठेवला असता?

'हे खासगी घर आहे' असं कळवायचं बटण असतं. ते मी दाबलं, भावाने दाबलं, वहिनीने दाबलं. 'तुमची सूचना स्वीकारता आली नाही.' पाटी आहे, पाटीवर नंबर आहे, म्हणजे धंदा आहे, असा सरळ हिशेब. पुढे वाट एकच: 'तुम्ही या व्यवसायाचे मालक आहात का? ताबा घ्या.' जो व्यवसाय नाहीच त्याचं आधी मालक व्हायचं आणि मग तो बंद झाला म्हणून सांगायचं! बरं, 'कायमचे बंद' म्हटलं तरी पान जात नाही. फोटो तिथेच, नंबर तिथेच, फक्त वर लाल अक्षरं.

आणि ताबा घ्यायचा तर व्हिडिओ. एका दमात, मध्ये न तोडता काढलेला. आधी रस्ता आणि शेजारची घरं, मग पाटी, मग तुम्ही स्वतःच्या हाताने कुलूप काढून आत शिरताय, मग आतली धंद्याची साधनं. साधनं म्हणून काय दाखवणार, सोलां वाळत घातलेली सुपं? आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "घर भितरसून कित्याक दाखोवपाचें तांकां?" (घर आतून कशाला दाखवायचं त्यांना?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका फोटोने सुरू झालेला त्रास मिटवायला देवघरापर्यंतचं चित्रीकरण पाठवायचं. व्हिडिओ मी काढला नाही आणि तुम्हीही काढू नका.

मग शोधून शोधून 'वैयक्तिक माहिती हटवण्याची विनंती' नावाचा फॉर्म सापडला. खरा चिखल तिथे. पहिलाच प्रश्न, स्वतःसाठी की दुसऱ्याच्या वतीने? दुसऱ्याच्या वतीने म्हटलं तर अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं. स्वतःसाठी म्हटलं तर आईच्या नावाने खातं हवं. तिचं नाही. नवं उघडायचं तर मोबाईल नंबर द्या, ओटीपी येईल. जो नंबर काढा म्हणून आम्ही रडतोय तोच आधी आपल्या हाताने कंपनीच्या पदरात घालायचा! नंबर घेताना आईला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. तो परत मागायला गेलं की मात्र ही बाई तीच कशावरून, हे सिद्ध करा.

अधिकारपत्राची वाट धरली. पत्त्याचा पुरावा म्हणून पंचायतीची घरपट्टीची पावती स्कॅन करून येईपर्यंत पान म्हणालं 'सेशन संपले', आणि भरलेलं सगळं कोरं. (मजकूर आधी वेगळीकडे टाईप करून ठेवा, कागदपत्रं आधी एका फोल्डरमध्ये गोळा करा, मगच फॉर्म उघडा.) पुन्हा भरला तर ओळखपत्राची फाईल मोठी. लहान केली तर 'अस्पष्ट आहे'. शेवटी एकदाचा गेला, आणि उत्तर आलं की व्यवसायाच्या पानांसाठी हा फॉर्म नाही, कृपया ताबा घ्या. म्हणजे परत व्हिडिओ. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटून सरळ मार्केटात गेलो आणि कारण नसताना दोन डझन केळी घेऊन आलो.

पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलेला माझा एक वर्गमित्र आहे. त्याच्याशी बोलता बोलता मी त्याच फॉर्ममध्ये देश बदलून पाहिला. पोर्तुगाल निवडल्याबरोबर 'माहिती मिटवण्याचा हक्क' असा वेगळा पर्याय समोर. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात हा हक्क आहे आणि एरवी महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. परत भारत निवडलं, पर्याय गायब. कंपनी तीच, पान तेच. तेव्हा 'आमची यंत्रणाच तशी आहे' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. कायद्याने कान धरला की यंत्रणा बदलते.

आपल्याकडे तसा कायदा २०२३ साली झाला, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि आपल्याला हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. माझ्या उपयोगी पडले ते २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यांच्याखाली कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साईटवर द्यावा लागतो. असतो तो, फक्त अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. मी तक्रार केली तेव्हा चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल अशी मुदत होती. तक्रारीत रडगाणं नको. दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा मजकूर नको, असं नियम ३(१)(ब) सांगतो. तेवढं लिहायचं, पानाची लिंक द्यायची, तक्रार क्रमांक जपायचा.

उत्तर आलं, 'धोरणाचे उल्लंघन आढळले नाही.' मला उलट बरंच वाटलं, कारण लेखी नकार हातात आला की दिल्लीच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ पासून आहेत, अर्ज ऑनलाईन होतो, फक्त नकार मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचा. अपिलात मी तीनच गोष्टी लिहिल्या. हे राहतं घर आहे, सोबत घरपट्टीची पावती. पर्यटन खात्याची नोंदणी नसलेल्या जागेला होमस्टे म्हणणं खोटं आहे आणि त्यातून घरमालकिणीवर कारवाई ओढवू शकते. आणि २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. शेवटचं वाक्य थोडं ऐटीतच लिहिलं, कबूल आहे.

समितीचा आदेश यायच्या आधीच पान गेलं. फोटो, नंबर, तारे, सगळं. इतके दिवस न आढळलेलं उल्लंघन वरून विचारणा झाल्यावर बरोबर सापडलं!

बऱ्याच जणांनी सल्ला दिला की पाटीवरचा नंबर पुसून टाका, म्हणजे झंझट नाही. आईने साफ नकार दिला. तिची पाटी रस्त्याने जाणाऱ्यासाठी आहे, सोलां हवी असतील त्याने फोन करावा. ती का पुसेल? मला तिचं पटतं.

एक मात्र आधी सांगायला हवं होतं. ओळखपत्र मागितलं तर पूर्ण आधार देऊ नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. त्यावर कशासाठी दिलं ते आणि तारीख आडवी लिहा. आणि तक्रार करण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या, कारण मूळ पान गेलं तरी त्यावरून उचललेली माहिती खोल्या बुक करायच्या इतर साईटांवर तशीच राहते. आमची अशा दोन ठिकाणी निघाली. एकीने ईमेल पाठवल्याबरोबर काढली. दुसरीने आईचं ओळखपत्र मागितलं आहे.