तुम्ही विचारलंत म्हणून: जावाचा जुना डायनॅमो का ठेवला?

पेट्रोल पंपावर, फैजपूरच्या टपरीवर, सारंगखेड्याच्या यात्रेत, कुठेही माझी जुनी जावा मोटारसायकल उभी केली की कुणीतरी हेडलाइटकडे बघून विचारतंच, "जावा ना? मग उजेड इतका कसा पडतो? बारा व्होल्ट केली का?" नाही म्हटलं की बारा व्होल्टची वीज करणाऱ्या नव्या किटचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, सरळ नवं किट टाकी दे ना. जुना डायनॅमो कशाले धरी बठना?" तुम्ही इतक्या आपुलकीने विचारता, म्हणून एकदा नीट सांगतो.

गाडी १९६८ ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसी. डायनॅमो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणारा भाग, ६ व्होल्ट, ४५ वॅट. आता हिशेब बघा. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, टेललाइट ५ चा. चाळीस वॅट तिथेच गेले. उरलेल्या पाचात इग्निशन कॉइलचंही भागत नाही, हॉर्न आणि ब्रेकलाइट तर लांबच राहिले. शिवाय ४५ वॅट मिळतात ते गाडी पळत असताना. आयडलिंगला डायनॅमो चार्ज करत नाही, चार्जिंगचा लाल दिवा त्यासाठीच लागतो. या गाडीला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र) नाही, ठिणगीसुद्धा बॅटरीच्याच जिवावर पडते. त्यामुळे रात्री यावलच्या रस्त्याने केळीच्या ट्रकमागे रांगत आलं की आधी बॅटरी बसते आणि तिच्यामागे इंजिनही बंद पडतं.

याच डायनॅमोला बारा व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टवर लगाम ठेवणारा भाग) लावता येतो, हे खरं. पण डायनॅमोचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, फेऱ्यांबरोबर वाढतो. बारा मागितले तर चार्जिंग सुरू व्हायला जवळजवळ दुप्पट आरपीएम लागतात. धुळे-जळगाव हायवेवर सत्तरने जाणाऱ्याला ते चालेल. बांधाबांधाने आणि बाजारातून फिरणाऱ्या माझ्यासारख्याचं नुकसानच जास्त. म्हणून गाडी सहा व्होल्टवरच ठेवली आणि आधी वीज कुठे वाया जाते ते शोधलं.

सगळ्यात जास्त ती वायरिंगमध्ये जाते, आणि तिकडे कुणी बघत नाही. सहा व्होल्टमधले ०.६ व्होल्ट वायरीत आणि गंजलेल्या टर्मिनलमध्ये अडकले, तर तोटा दहा टक्के वाटतो. फिलामेंटचा उजेड मात्र त्याने जवळजवळ तीस टक्के पडतो. हेडलाइटचा अर्थ (वीज परत जायची वाट) फ्रेमपर्यंत कुठून येतो, तेही बघा. स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या छऱ्यांतून! मी मूळ वायरिंगला कात्री लावली नाही. हेडलाइटला अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढली, बॅटरीच्या अर्थपर्यंत दुसरी तेवढीच जाड, आणि दोन्ही जुन्या वायरिंगच्या बाजूने काळ्या स्लीव्हमध्ये नेल्या. एवढ्यानेच रस्ता दिसायला लागला. टेललाइटला एक वॅटच्या आतला एलईडी आहे. हेडलाइटला एलईडी नाही. तो जुना रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी घडवलेला, त्यात एलईडी बसवला की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मग डायनॅमो. याचं आर्मेचर, म्हणजे तारेचे वेढे असलेला फिरता भाग, थेट इंजिनाच्या क्रँकच्या टोकावर बसतं. त्यामुळे मेन बेअरिंग ढिलं झालं की आर्मेचर भोवतीच्या पोलना (चुंबकाच्या टोकांना) घासतं. लोक डायनॅमोला नावं ठेवतात, दोष असतो बेअरिंगचा. आर्मेचर पुलरनेच काढायचं, हातोडा लावायचा नाही. आर्मेचरच्या टोकाच्या कॉम्युटेटरवर वीज बाहेर देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये मायका (अभ्रक). तांबं झिजतं, मायका तेवढा झिजत नाही. तो वर आला की पट्ट्यांना टेकून वीज उचलणारा कार्बन उडायला लागतो, ठिणग्या पडतात. हॅकसॉचं पातं ग्राइंडरवर बारीक करून एकेक खाच हाताने खाली न्यावी लागते. काळी पूड निघते, ती ब्रशने झाडायची. मग नखाने खाच चाचपायची. प्रत्येक कडेला नख अडलं पाहिजे. हे काम घाईत होत नाही आणि मला ते फार आवडतं.

आर्मेचरचं वाइंडिंग मात्र मी चोपड्याच्या एका रिवाइंडिंगवाल्या नानांकडे दिलं. त्यांचा मुख्य धंदा शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारींचा. उन्हाळ्यात केळीला पाणी तोडून चालत नाही आणि मोटारी जळतात तेव्हाच, म्हणून मे महिन्यात त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरी नानांनी ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) आर्मेचर फिरवून शॉर्ट झालेली कॉइल दाखवली, जुन्या तारेचं गेज मोजलं, वेढे वहीत लिहून घेतले. हेच माझं खरं उत्तर आहे. मूळ डायनॅमोची दुरुस्ती करणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे. सीलबंद किटमधला भाग तोरणमाळच्या घाटात गेला, तर पार्सलची वाट बघण्यावाचून हातात काही नसतं.

बदललं ते रेग्युलेटरचं पोट. जुन्या रेग्युलेटरमध्ये स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट. ते जळतात, खड्डे पडतात, सेटिंग हलतं. आता त्याच झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. वायरी मूळ टर्मिनललाच येतात, कुठेही नवं भोक पाडलेलं नाही. आतली जुनी असेंब्ली चिठ्ठी लावून डब्यात ठेवली आहे, पान्हा घेतला की परत बसेल. विकत घेताना एक बघा: अर्थ प्लसचा की मायनसचा, हे आपल्या गाडीवर मीटर लावून तपासा. शिवाय बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत जाऊ न देणाऱ्या कटआउटच्या जागी आता डायोड येतो. चांगला शॉट्की (कमी व्होल्ट खाणारा) डायोड असला तरी सात अँपिअरला तीन-चार वॅट उष्णता सोडतो. म्हणून तो प्लॅस्टिकवर चिकटवायचा नाही, धातूच्या तळाला थर्मल पेस्ट लावून आवळायचा.

आणि आपलं ऊन! पुस्तकात ६ व्होल्टच्या बॅटरीला ७.२ व्होल्ट चार्जिंग सांगतात, ते २५ अंशाला. भुसावळात पारा ४५ वर जातो. प्रत्येक सेलला अंशामागे साधारण चार मिलिव्होल्ट कमी करायचे, तीन सेल, वीस अंश, म्हणजे पाव व्होल्ट. मी होळीनंतर ७.० वर आणतो, दिवाळीला परत वर नेतो. माझी बॅटरी सीलबंद आहे, जुन्या काळ्या डब्याच्या आत बसवलेली. तिच्यात पाणी घालता येत नाही, त्यामुळे जास्त चार्जिंगने एकाच उन्हाळ्यात तिचा निकाल लागेल.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल, तर एवढं सगळं करूनही डायनॅमो गप्प राहू शकतो. पोलमधलं शिल्लक चुंबकत्व गेलेलं असतं. फील्डला (पोलवरच्या कॉइलला) क्षणभर बॅटरी दाखवली की तो जागा होतो. पोलॅरिटी आधी बघा, आणि रेग्युलेटर सोडवूनच हे करा.

रोज रात्री लांब जाणाऱ्याने नवं किट टाकावं, मी अडवणार नाही. झेक कंपनी व्हेपचं किट या इंजिनांसाठी मिळतं, कायम चुंबकाचं, बारा व्होल्ट, उजेड उत्तम. मात्र २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती मूळ रूप राखलं असेल तरच, हे ध्यानात ठेवा आणि कापाकापी करू नका. काढलेलं आर्मेचर, फील्ड कॉइल, कार्बन होल्डर, सगळं तेल लावून कागदात गुंडाळा. ठेवायला जागाच नसेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी मला सांगा. चोपडा, रावेर, शिरपूर या पट्ट्यात याच भागांपायी गाडी उभी करून बसलेली माणसं मला ठाऊक आहेत, मी स्वतः नेऊन पोचवीन.