एबीजीच्या खिडकीपाशी गेलेला पाऊण तास
रेस्पिरेटरी फेल्युअर, म्हणजे फुप्फुसं ऑक्सिजन पुरवायला किंवा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला कमी पडतात ती अवस्था, मला वर्गात कळलंच नव्हतं. टाईप वन म्हणजे पीएओटू (धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) ६० च्या खाली, टाईप टू म्हणजे त्यासोबत सीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) ४५ च्या वर, एवढं पाठ करून परीक्षा दिली, पासही झाले. खरं कळलं ते मेडिसिन वॉर्डच्या पोस्टिंगला, आणि तेही एका फॉर्मपायी.

भर पावसाळा, कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी, निम्मा स्टाफ अडकलेला. सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराचे, एक आजोबा आले, आयुष्यभर विड्या ओढलेले, दम इतका की वाक्य पुरं होईना. डॉक्टरांनी मनगटातून एबीजी, म्हणजे रक्तातले वायू तपासायला धमनीचं रक्त, घेतलं, वॉर्डबॉय मामा दुसऱ्या वॉर्डात होते म्हणून सिरिंज घेऊन मीच लॅबच्या बिल्डिंगला पळाले. खिडकीतून फॉर्म परत. 'एफआयओटू कुठेय? वेळ कुठेय?' म्हणजे पेशंट किती टक्के ऑक्सिजनवर आहे आणि सॅम्पल कधी घेतलं, ते लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं, काका, सॅम्पल लावा, मी फोन करून विचारते. नाही म्हणजे नाही. वॉर्डचा फोन एंगेज, पावसात परत धावत वॉर्डात, सिस्टर क्रॅशकार्टपाशी (इमर्जन्सीच्या औषधांची गाडी), सगळं लिहून पुन्हा खिडकीत आले तर 'अर्धा तास होऊन गेला, नवीन आणा.' आजोबांना परत टोचलं. त्यांनी हात पुढे केला आणि काहीच बोलले नाहीत, त्याचा राग मला अजून येतो. एक रकाना, तो मला आधी कुणी दाखवला असता तर?

पण रकाना खोटा नाही. नुसत्या पीएओटूला अर्थ नसतो, पेशंट साध्या हवेवर म्हणजे २१ टक्क्यांवर आहे की मास्कवर, त्यावर सगळं ठरतं. उशीर झाला की सिरिंजमधल्या पेशी ऑक्सिजन खात राहतात, आकडा खोटा येतो. सिरिंजमधला हवेचा बुडबुडाही लगेच काढायचा.

दुसऱ्या सॅम्पलचा रिपोर्ट आला: पीएच (रक्ताची आम्लता, आकडा पडला की आम्ल वाढलं) ७.२८, सीओटू ६८, पीएओटू ५२, बायकार्ब (आम्ल सावरणारा क्षार) ३१, व्हेंचुरीवर, म्हणजे ठरावीक टक्के ऑक्सिजन देणाऱ्या मास्कवर, २८ टक्के. टाईप टू. बायकार्ब वाढलेलं म्हणजे दुखणं जुनं, किडनीने कधीपासून सावरून घेतलेलं, आणि पीएच पडलेला म्हणजे आता नव्याने बिघडलंय. आजोबांचा मुलगा म्हणत होता, 'सिस्टर, ऑक्सिजन वाढवा ना.' सीओपीडीत सॅच्युरेशन (बोटावरच्या मशीनवर दिसणारे ऑक्सिजनचे टक्के) ८८ ते ९२ ठेवायचं, फार वाढवलं की सीओटू अजून चढतो आणि पेशंट गुंगीत जातो, हे मी त्याला तिथेच समजावलं, पहिल्यांदाच न अडखळता. मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशीन, लागला. संध्याकाळी आजोबांनी चहा मागितला, मला फार बरं वाटलं.

हां, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद गुणिले चार नको. अस्वस्थ झालेला, मास्क ओढणारा पेशंट त्रास देत नसतो, त्याला ऑक्सिजन पुरत नसतो. तोच अचानक शांत झाला तर आधी हाक मारून बघा, मॉनिटर नंतर. सॅच्युरेशन बघताना बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोट बदला. एबीजीची सुई काढल्यावर निदान पाच मिनिटं दाबून धरा.

मी आता सिरिंज हातात घेण्याआधी फॉर्म भरते, वेळ आणि एफआयओटू पहिलं.